कर्मवीर भाऊराव पाटील : मूल पाहून शाळा घडविणारा शिक्षणमहर्षी

कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत या नावातच दोन तालुक्यांची नावे एकत्र आली आहेत. वसाहतीतील रस्त्यांवरून पाळीला जाणाऱ्या-येणाऱ्यांचे त्या नावाकडे सहसा लक्ष जात नाही. परंतु महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात या दोन नावांना वेगळेच मोल आहे. कागल ही घाटगे घराण्याची जहागीर. याच घराण्यातील यशवंतराव दत्तक जाऊन राजर्षी शाहू छत्रपती झाले. आणि हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे, बाहुबलीच्या डोंगराच्या कुशीत, एका जैन शेतकरी कुटुंबात कर्मवीर भाऊराव पाटील जन्मास आले. एक राजा, दुसरा रयतेतला. मुलाच्या अंगी जे आहे ते ओळखून त्याला वाढविले पाहिजे, ही दृष्टी मात्र दोघांचीही होती. आणि भाऊरावांना ती काही अंशी शाहू महाराजांच्या सहवासातच लाभली.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी झाला. कुंभोज हे त्यांचे आजोळ. घराणे वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक येथील पाटलांचे. वडील पायगौंडा सरकारी महसूल खात्यात कारकून होते, आई गंगाबाई. घर धार्मिक, व्रतस्थ, रूढी पाळणारे होते. वडिलांच्या बदल्यांमुळे मुलाचे बालपण निरनिराळ्या गावी गेले आणि शाळाही बदलत राहिल्या. अभ्यासापेक्षा नदीत पोहणे, कुस्ती, गावभर हिंडणे यातच त्यांचे मन अधिक रमे. कुंभोजच्या परिसरात वावरणाऱ्या सत्याप्पा नावाच्या बंडखोराचा त्यांना लहानपणी लळा लागला होता, असे चरित्रकार नमूद करतात. सधनांना धाक आणि गोरगरिबांना आधार अशी या सत्याप्पाची ख्याती होती. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हेगार होता; परंतु अन्याय दिसला की स्वस्थ बसायचे नाही, हा धडा त्या मुलाने कोणत्याही क्रमिक पुस्तकाआधी त्याच्याकडून घेतला असावा. पुढे एका विहिरीवर अस्पृश्य बायकांना पाण्यासाठी ताटकळत उभे राहावे लागते हे पाहून याच मुलाने विहिरीचा रहाट मोडून टाकला. घरी काय झाले असेल याची कल्पना करता येते.

माध्यमिक शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास आले. राजाराम हायस्कूलमध्ये नाव घातले आणि राहण्याची सोय जैन बोर्डिंगात झाली. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना १८९९ मध्ये झाली होती आणि समाजातील मुलांनी शिकावे या तळमळीतून विसाव्या शतकाच्या आरंभी हे वसतिगृह उभे राहिले होते. शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांना जो उदार आश्रय दिला, त्यात त्याचाही वाटा होता. खेड्यातून आलेल्या जैन मुलाला ते घरासारखेच होते.

राजाराम हायस्कूलमध्ये भाऊरावांचे पाऊल अडले ते गणितापाशी. परीक्षेत ते अनुत्तीर्ण होऊ लागले. त्या काळची एक हकीकत कोल्हापुरात आजही सांगितली जाते. भाऊरावांना वरच्या वर्गात घालावे अशी शिफारस खुद्द शाहू महाराजांकडून गणिताचे शिक्षक भार्गवराम कुलकर्णी यांच्याकडे गेली. गुरुजींनी मोठ्या नम्रतेने, पण ठामपणे कळविले की, भाऊराव ज्या बाकावर बसतो तो बाक हवा तर वरच्या वर्गात नेतो, भाऊरावांस नेता येणार नाही. ही हकीकत विनोद म्हणून सांगितली जात असली, तरी तिच्यात दोन माणसे आपापल्या जागी मोठी दिसतात. दरबारच्या शब्दापुढेही न झुकणारे गुरुजी मोठे, आणि आपल्याच राज्यातील एका शिक्षकाचा नकार मुकाट्याने स्वीकारणारा राजाही मोठा. प्रश्न उरतो तो त्या बाकावर बसलेल्या मुलाचा. इंग्रजी सहावीच्या आसपास त्याचे शालेय शिक्षण संपले. ठरलेल्या मापाने मोजले तर तो नापास होता. पण पुढे त्याच मुलाने शेकडो शाळा काढल्या. त्याच्या अंगी जे होते ते मोजण्याचे माप त्या काळच्या शाळेपाशी नव्हते, इतकेच यातून निघते. गणिताच्या गुरुजींना दोष देण्याचे कारण नाही.

याच काळात दुसरी घटना घडली. जैन समाजाने ती विसरू नये अशी आहे. १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्या उद्घाटनास गेले. परत आल्यावर स्नान करून मगच भोजनास बसावे, असा बोर्डिंगचा दंडक होता. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो हे त्यांना मान्य नव्हते आणि दंड भरून सुटका करून घेणेही मान्य नव्हते. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. ज्या धर्माने प्रत्येक जीवाच्या ठायी अनंत ज्ञान आणि अनंत वीर्य सुप्त आहे असे सांगितले, त्या धर्माच्या अनुयायांनी चालविलेल्या घरातून हा मुलगा बाहेर पडला, हे कटू असले तरी सत्य आहे. त्या काळच्या रूढीचा पगडा इतका होता की, समाजसुधारणेसाठी झटणारी माणसेही तिच्यापुढे वाकत होती. भाऊरावांनी मात्र पुढे आयुष्यात कधी जैन समाजाविषयी आकस धरला नाही. जैन म्हणून जन्मास आलेला माणूस साऱ्या रयतेचा होऊ शकतो, हे त्यांनी आपल्या जगण्यातून दाखविले.

बोर्डिंग सुटल्यावर भाऊरावांचा काही काळ शाहू महाराजांच्या आश्रयाने गेला. येथे त्यांना जे दिसले ते कोणत्याही शाळेत दिसले नसते. महाराजांपाशी माणूस ओळखण्याची विलक्षण नजर होती. खेड्यातला एखादा धिप्पाड पोरगा दिसला की त्याला तालमीत आणायचे, खुराक द्यायचा, नामांकित मल्लांशी जोड लावायची. १९१२ मध्ये बांधून झालेले खासबाग मैदान याच वेडाची साक्ष देत आजही उभे आहे. गायनाचार्य अल्लादिया खाँ यांना त्यांनी दरबारात मानाने ठेवले. चित्रकार आबालाल रहिमान यांना आश्रय दिला. केशवराव भोसले यांच्यासारख्या गायक नटाची कदर केली आणि कोल्हापुरात पॅलेस थिएटर उभारले. पैलवान, गवई, चितारी, नट यांपैकी कोणाला गणितात किती गुण मिळाले होते, हे महाराजांनी विचारले नाही. त्याच वेळी, १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून प्रत्येक मुलाला अक्षरओळख झालीच पाहिजे असा आग्रहही त्यांनी धरला. सर्वांना समान पाया आणि त्यावर ज्याची त्याची वेगळी इमारत, अशी ही रीत होती. पुढे भाऊरावांनी जे केले, त्याचे मूळ शोधायचे तर कोल्हापूरच्या या वातावरणाकडे यावे लागते.

शिक्षण अर्धवट राहिलेल्या या तरुणाने पोटासाठी पत्करले ते मात्र शिकविण्याचेच काम. साताऱ्यात त्यांनी खाजगी शिकवण्या सुरू केल्या. पैलवानी देह, भरदार आवाज आणि शिकविण्यातील तडफ यामुळे गावाने त्यांना मदवान मास्तर असे नाव ठेवले. ज्याला शाळेने नाकारले त्याच्याकडे शाळेत मागे पडलेली मुले येऊ लागली. याच सुमारास, १९१० च्या आसपास, दुधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत त्यांनी सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृहाचा प्रयोग केला. जैनांचे वेगळे, मराठ्यांचे वेगळे, अस्पृश्यांचे वेगळे अशी वसतिगृहे असलेल्या त्या दिवसांत एका पंगतीत जेवणारी मुले हे दृश्य नवे होते. कोल्हापूरच्या बोर्डिंगातून निघताना मनात राहिलेल्या सलाचे हे उत्तर होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९१४ मध्ये भाऊरावांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग आला. कोल्हापुरातील राजपुतळ्यांस डांबर फासले गेले आणि संशयाची सुई अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे वळली. लठ्ठे हे जैन समाजाचे विद्वान पुढारी होते. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगशी त्यांचा निकटचा संबंध होता. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ते तयार झाले नाहीत. त्यांना कैदेत टाकले गेले, छळ झाला आणि तो असह्य होऊन त्यांनी आत्महत्येचाही प्रयत्न केला. तरीही खोटी साक्ष मात्र दिली नाही. ज्या बोर्डिंगने बाहेर काढले त्या बोर्डिंगच्या पुढाऱ्यासाठी, आणि ज्या राजाने आश्रय दिला त्याच राजाच्या कारभाराविरुद्ध, असा हा विचित्र तिढा होता. सुटकेनंतर भाऊराव कोल्हापुरातून बाहेर पडले. पुढे लठ्ठे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई इलाख्याचे अर्थमंत्रीही झाले. आणि भाऊरावांनी साताऱ्याच्या आपल्या वसतिगृहाला नाव दिले ते शाहू छत्रपतींचे. कोणाविषयी काय लक्षात ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे त्यांना ठाऊक होते.

यानंतरचा काळ औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या वाचकांना विशेष जवळचा वाटावा. भाऊरावांनी किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांच्या विक्रीचे काम पत्करले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलजवळच्या ओसाड माळावर किर्लोस्करवाडी वसविली होती. तेथे तयार होणारे नांगर शेतकऱ्यांच्या गळी उतरविणे सोपे नव्हते. लोखंडाने जमीन विटाळते, नासते अशी समजूत खेडोपाडी होती. भाऊराव गावोगाव जात, शेतात नांगर चालवून दाखवीत, पाटील-कुलकर्ण्यांशी वाद घालीत. किर्लोस्कर हे नाव आज कागलच्या पंचतारांकित वसाहतीतील कारखान्यावरही आहे. त्या नावाचा नांगर शेतकऱ्यांपर्यंत नेणारा विक्रेता शेजारच्या कुंभोजचा होता, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. पुढे साताऱ्यात धनजीशहा कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही भाऊरावांचा वाटा होता. कारखान्याच्या नफ्यातील काही हिस्सा शिक्षणकार्यास मिळावा अशी त्यांची अपेक्षा होती. त्यावरून मतभेद झाले आणि ते बाहेर पडले.

या भ्रमंतीने त्यांना दोन गोष्टी दिल्या. पहिली म्हणजे खेड्यांची ओळख. गावोगाव त्यांना चुणचुणीत मुले दिसली. कोणी गुरे राखीत होते, कोणी मोटेवर होते. बैलाची खोड एका नजरेत ओळखणारे, मोडलेले अवजार हातासरशी नीट करणारे हे हात शाळेच्या हजेरीपटावर कोठेच नव्हते. दुसरी गोष्ट म्हणजे कामाची प्रतिष्ठा. भट्टीतून निघणारा रस, साच्यातून उतरणारा फाळ, तो घासून नीट करणारा कारागीर यांच्या सहवासात त्यांनी काही वर्षे काढली होती. हाताने केलेले काम हे बुद्धीचेच काम आहे, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. साच्यातून एकासारखा एक फाळ निघावा हे कारखान्याचे यश असते. शाळेतून एकासारखे एक मूल निघावे हे शाळेचे यश नव्हे. कारखाना जवळून पाहिलेल्या भाऊरावांना हा फरक कळला होता.

१९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे सत्यशोधक समाजाची परिषद भरली. तेथे बहुजन समाजाच्या शिक्षणासाठी संस्था काढण्याचा विचार भाऊरावांनी मांडला आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर रयत शिक्षण संस्था जन्मास आली. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह ठरले. वडाच्या पारंब्या जमिनीत उतरतात आणि त्यांचेच नवे खोड होते. १९२४ मध्ये संस्थेचे मुख्य ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले. हरिजन, मराठा, मुसलमान, जैन, सारी मुले एका छपराखाली राहतात, एका पंगतीत जेवतात आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात, हे पाहून गांधीजींनी समाधान व्यक्त केले. भाऊरावांनी १९२० नंतर खादी स्वीकारली होती. अनवाणी पाय आणि वाढलेली दाढी ही त्यांची खूण झाली होती.

या वसतिगृहाची कथा लक्ष्मीबाईंवाचून अपुरी राहते. लक्ष्मीबाई मूळच्या सुखवस्तू जैन घरातील, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या. सर्व जातींची पोरे घरात वावरणार, त्यांचे ताट आपण वाढणार, हे मनाला पटवून घेणे त्यांना सोपे गेले नसेल. पण एकदा पटल्यावर त्या त्या मुलांच्या आई झाल्या. पैशांची चणचण नित्याची होती. एकेक दागिना गहाण पडत किंवा विकला जात गेला. भाऊराव गावोगाव देणग्यांसाठी फिरत असताना एकदा वसतिगृहात धान्य उरले नाही. तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र विकून मुलांच्या जेवणाची सोय केली. अपरिग्रहाचा पाठ प्रवचनांतून अनेकदा ऐकू येतो. तो एवढ्या सहजपणे आचरणात उतरलेला फार कमी वेळा पाहावयास मिळतो. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचे वैभव त्यांना पाहता आले नाही.

भाऊरावांची शिक्षणपद्धती ही कागदावर लिहिलेली योजना नव्हती. ती गरजेतून घडत गेली. मुले गरीब, देणगीदार थोडे, म्हणून मुलांनी काम करून शिकावे, ही कमवा आणि शिका योजनेची सुरुवात. परंतु हळूहळू गरजेला तत्त्वाचे रूप आले. वसतिगृहातील मुले दळण-स्वयंपाक करीत, शेती करीत, जनावरे सांभाळीत, विहिरी खणीत, इमारतींसाठी दगड फोडीत. साताऱ्याच्या आसपासची खडकाळ जमीन या मुलांच्या कष्टांनी पिकाखाली आली. वर्गात मागे असलेला मुलगा शेतावर पुढे असे. ज्याला व्याकरण येत नसे तो बांधकामात गवंड्याचा उजवा हात ठरे. वर्गातल्या क्रमांकाखेरीज आणखी चार ठिकाणी मुलाला पहिले येण्याची संधी होती. मोठ्या ज्ञानाच्या गोष्टी बाजूस ठेवल्या तरी मुलाच्या मनावर याचा काय परिणाम होतो, हे एकदाही पहिला न आलेला माणूस सहज सांगू शकेल.

जगात असे प्रयोग इतरत्रही झाले होते. अमेरिकेत बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून अलाबामातील टस्कीगी येथे गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या मुलांसाठी शाळा चालविली. तेथे विद्यार्थ्यांनी स्वतः विटा भाजल्या आणि त्याच विटांनी शाळेच्या इमारती बांधल्या. महात्मा गांधींनी हस्तोद्योगावर आधारलेल्या नई तालीमचा आराखडा १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडला. साताऱ्याचे वसतिगृह त्याआधी बारा-तेरा वर्षांपासून चालू होते. मात्र एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. गरिबाच्या मुलाने हातकाम शिकावे आणि तेथेच थांबावे, असे भाऊरावांना कधीच अभिप्रेत नव्हते. ज्याच्या अंगी विद्वत्ता आहे त्याने पदवी घ्यावी, विलायतेस जावे; ज्याला शिकविण्याची ओढ आहे त्याने शिक्षक व्हावे; ज्याला माती प्रिय आहे त्याने शहाणा शेतकरी व्हावे. काम हे सर्वांना समान होते, पुढची वाट ज्याची त्याची.

बॅरिस्टर पी. जी. पाटील यांचे उदाहरण याबाबत बोलके आहे. अत्यंत गरिबीतून भाऊरावांच्या वसतिगृहात आलेला हा मुलगा बुद्धीने तल्लख होता. भाऊरावांनी ते ओळखले आणि त्याला पुढे शिकण्यास बळ दिले. तो बॅरिस्टर झाला, रयतच्या महाविद्यालयात प्राचार्य झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. महात्मा फुले यांचे गुलामगिरीसह काही लेखन इंग्रजीत नेण्याचे कामही त्यांनी केले. एका अनवाणी माणसाने एका गरीब मुलाच्या डोळ्यांत पाहिलेली चमक विद्यापीठाच्या कुलगुरूपदापर्यंत पोहोचली. ज्यांची नावे कोठे छापून आली नाहीत अशी हजारो मुले याच वाटेने शिक्षक, ग्रामसेवक, सैनिक, कारागीर, शेतकरी झाली. त्यांची मोजदाद कोणी केलेली नाही.

१९३२ मध्ये, येरवडा कराराच्या पार्श्वभूमीवर, पुण्यात युनियन बोर्डिंग सुरू झाले. सवर्ण व हरिजन विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे हा त्यामागील हेतू होता. १९३५ मध्ये साताऱ्यास ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापन विद्यालय निघाले. यामागे भाऊरावांचे पक्के गणित होते. शाळेच्या गणितात ते नापास झाले असले तरी हे गणित चुकले नाही. खेड्यात शाळा टिकायची तर शिक्षक खेड्यातलाच हवा. शहरी पुस्तकातून तयार झालेला शिक्षक खेड्यातल्या पोराची हुशारी ओळखू शकत नाही. या विद्यालयातून बाहेर पडलेले तरुण डोंगरकपारीच्या वाड्यांवर गेले आणि तेथे व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. देवळात, चावडीत, गोठ्याच्या पडवीत, जागा मिळेल तेथे त्या भरत. अल्पावधीत अशा पाचशेहून अधिक शाळा सुरू झाल्या. सरकारी नियमांत न बसणाऱ्या लहान वस्त्यांपर्यंत अक्षर प्रथमच पोहोचले.

१९४० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाने साताऱ्यास निवासी, मोफत माध्यमिक विद्यालय सुरू झाले. स्वातंत्र्याच्या वर्षी, १९४७ च्या जूनमध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. येथेही विद्यार्थ्यांनी काम करून शिकावे हीच रीत होती. एका धनिकाने मोठी देणगी देऊ केली, पण शिवाजी महाराजांचे नाव बदलून आपले सुचविलेले नाव द्यावे अशी अट घातली. भाऊरावांनी ती तात्काळ झिडकारली; एक वेळ बापाचे नाव बदलीन, पण हे नव्हे, अशा आशयाचे त्यांचे उत्तर साताऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पैशांची नड कोणाला नव्हती म्हणून हा नकार आला नाही, हे लक्षात घ्यावे. तेव्हा संस्थेच्या पेटीत रोजच ओढाताण होती.

ती ओढाताण १९४८ मध्ये शिगेला पोहोचली. महात्मा गांधींच्या हत्येनंतरच्या अशांत दिवसांत भाऊरावांनी केलेल्या परखड टीकेने मुंबईचे सरकार रुष्ट झाले आणि संस्थेचे अनुदान थांबले. साऱ्या महाराष्ट्रात हळहळ झाली. संत गाडगे महाराजांनी मध्यस्थी केली, जनतेने वर्गणी गोळा केली, शेतकऱ्यांनी धान्य दिले. अखेरीस अनुदान पुन्हा सुरू झाले. या प्रसंगी भाऊराव वाकले असते तर अनुदान लवकर मिळाले असते. पण डांबर प्रकरणात न वाकलेल्या माणसाकडून तशी अपेक्षा करणेच चूक होती.

संस्था वाढत गेली तसा एक पेच मात्र वाढत गेला. भाऊराव त्यातून पूर्ण सुटू शकले नाहीत, हे प्रामाणिकपणे मान्य करावयास हवे. शंभर मुलांच्या वसतिगृहात प्रत्येकाचा कल ओळखता येतो. शेकडो शाळा झाल्यावर ते कसे जमावे? माध्यमिक शाळांना सरकारी मान्यता हवी, मान्यतेसाठी सरकारी अभ्यासक्रम, आणि अभ्यासक्रमाच्या शेवटी सर्वांना तीच एक परीक्षा. ज्या परीक्षेने त्यांना स्वतःला बाहेर ठेवले होते, त्याच परीक्षेसाठी त्यांच्या शाळांतील मुले तयारी करू लागली. भाऊरावांनी परीक्षेला कधी विरोध केला नाही. गरिबाच्या मुलाला तो दरवाजा बंद करणे म्हणजे त्याला पुन्हा माळावर पाठविणे, हे ते जाणून होते. त्यांचा आग्रह एवढाच होता की, परीक्षेच्या जोडीला श्रम असावेत, श्रमांच्या जोडीला एकत्र जगणे असावे, आणि मुलाकडे पाहणारा एखादा तरी डोळस माणूस त्या घरात असावा. पुढे प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी सातारच्या महाविद्यालयात कमवा आणि शिका योजनेची जबाबदारी सांभाळली. कोठे तो डोळस माणूस लाभला, कोठे लाभला नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शालेय वयातच कौशल्य व व्यावसायिक शिक्षणाचा विचार पुन्हा मांडला गेला आहे. सातारच्या त्या खडकाळ शेतावर त्याचा धडा केव्हाच गिरविला गेला होता.

१९५४ मध्ये कऱ्हाड येथे गाडगे महाराजांच्या नावाने महाविद्यालय निघाले, १९५५ मध्ये साताऱ्यास मौलाना आझाद यांच्या नावाने अध्यापन महाविद्यालय सुरू झाले. शाहू, सयाजीराव, शिवाजी, गाडगे महाराज, आझाद. भाऊरावांनी आपल्या संस्थांना दिलेल्या नावांची ही माळ पाहिली की तीत स्वतःचे नाव कोठेच आढळत नाही. जनतेने त्यांना कर्मवीर म्हटले. प्रकृती खालावत चालली होती, पण दौरे थांबत नव्हते.

१९५९ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी त्यांना बहाल केली. राजाराम हायस्कूलच्या गणिताच्या वर्गात ज्याचा बाक तेवढा पुढे जाऊ शकत होता, तो विद्यार्थी अशा रीतीने डॉक्टर झाला. ९ मे १९५९ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. पार्थिव देह साताऱ्यास नेण्यात आला. ज्या भूमीवर मुलांनी दगड फोडून शाळा उभी केली त्याच गावात त्यांची समाधी आहे, आणि दरवर्षी २२ सप्टेंबरला, जयंतीच्या दिवशी, रयतेच्या शाळांतील मुले प्रभातफेरीने गावे जागी करतात. त्या फेरीत कुंभोजची मुलेही असतात.